नाण्यावरचा दोष कशामुळे आला? जुन्या नाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं नाणं हातात घेतलं आणि त्यावर एखादं अक्षर दुहेरी दिसलं, की मनात पहिला प्रश्न किमतीचा येतो. माझा आग्रह आहे की तो प्रश्न सर्वांत शेवटी यावा. आधी कारण शोधायचं. धातूवर घडलेल्या गोष्टी एकावर एक नोंदल्या जातात, आणि त्यांचा क्रम लावता आला की दोषाचं नाव आपोआप कळतं. खालची सगळी उत्तरं या एकाच क्रमाभोवती फिरतात.

नाण्यावर काहीतरी वेगळं दिसतंय. सुरुवात कुठून करू?

निर्दोष नाण्यापासून. त्याच प्रकारचं, त्याच वर्षाचं चांगलं नाणं किंवा त्याचं स्पष्ट छायाचित्र शेजारी ठेवा. त्या नाण्याचं ठरलेलं वजन, व्यास, धातू आणि कडेचा प्रकार (साधी, दातेरी, की अक्षरांची) शोधून लिहून ठेवा. पुष्कळदा ज्याला आपण दोष समजतो तो त्या नाण्याच्या नक्षीचाच भाग निघतो, आणि ते इथेच कळतं.

मग स्वतःला विचारा: ही गोष्ट छाप बसण्याआधी घडली, छाप बसताना घडली, की नाणं टांकसाळीतून बाहेर पडल्यावर?

नाणं तयार होतं तरी कसं? एवढं माहीत असणं गरजेचं आहे का?

आहे, कारण प्रत्येक टप्प्याचे दोष वेगळे. यंत्रावर नाणी पाडताना धातूच्या लांब पट्टीतून पंचाने गोल चकत्या कापतात. चकतीची कडा दाबून थोडी उंच करतात, म्हणजे काठ नीट उठतो. मग ती चकती दोन डायच्या मध्ये येते. डाय म्हणजे पोलादी ठसा, त्यावर नक्षी उलटी आणि खोल कोरलेली असते. चकतीभोवती कॉलर नावाचं पोलादी कडं असतं, ते धातूला बाहेर पसरू देत नाही आणि दातेरी नाण्याचे दातेही तेच उमटवतं. एक ठोका, आणि नाणं तयार.

डाय कशी तयार होते तेही लक्षात ठेवा. उठावाची सुलटी नक्षी असलेला एक मुख्य ठसा असतो, त्याला हब म्हणतात. हब मऊ पोलादात दाबून डाय बनते. पूर्वी एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे. दाबामुळे पोलाद कडक व्हायचं, ते तापवून पुन्हा मऊ करायचं आणि हब परत दाबायचा. जुन्या नाण्यांवरच्या प्रसिद्ध दोषांपैकी काहींचा उगम नेमका या दुसऱ्या दाबात आहे.

खूण उठलेली आहे की खोल गेलेली, याला एवढं महत्त्व का?

नवख्या माणसाला एकच नियम सांगायचा झाला तर मी हा सांगेन. नाण्यावर जास्तीचा धातू वर आलेला दिसत असेल, तर तेवढा खड्डा बहुधा डायमध्ये होता. डायला चीर गेली की नाण्यावर बारीक उठलेली रेघ येते. डायचा काठाजवळचा तुकडा तुटला की तिथे धातूचा गुळगुळीत ढेकूळ तयार होतो, आणि त्या जागेची नक्षी नाहीशी होते.

खूण खोल असेल तर शक्यता तीन: चकतीतच खोट होती, ठोक्याच्या वेळी डाय आणि चकतीमध्ये काहीतरी अडकलं (तार, धागा, कापडाचा तुकडा, धातूचा कण), किंवा नंतर कुणीतरी ओरखडा काढला. तिन्हींत फरक करायचा तर खड्ड्याच्या कडा पाहा. नंतरच्या ओरखड्याने सरकलेला धातू बाजूला वरंबा होऊन साचतो, आणि नखाला खरखर लागते. ठोक्याच्या वेळी अडकलेल्या वस्तूची खूण मात्र शांत, स्वच्छ असते. कापडाची वीण तर धागा न् धागा मोजता येईल इतकी उमटते.

भिंगाखाली डोळा फसतो, खोल ते उठलेलं भासतं. नाणं सावकाश गोल फिरवत प्रकाश चारही बाजूंनी पडू द्या, मगच ठरवा.

अक्षरं दुहेरी दिसतात. ही दुहेरी डाय आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं. दुहेरीपणा निदान पाच कारणांनी येतो. ती एकेक करून वगळावी लागतात.

खऱ्या दुहेरी डायमध्ये हबचा दुसरा दाब थोडा फिरून किंवा सरकून बसलेला असतो. नाण्यावर दोन्ही प्रतिमा पूर्ण उठावाच्या आणि गोलसर दिसतात. अक्षराच्या टोकाशी खाच पडते, जणू एकाच मुळातून दोन फांद्या फुटल्या आहेत. अक्षर मूळ रुंदीपेक्षा रुंद होतं. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या १९५५ सालच्या एक सेंटचं. दर्शनी बाजूवरचं साल आणि शब्द नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात, मागील बाजू मात्र स्वच्छ आहे. दोष एकाच डायमध्ये होता, म्हणून त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर दुहेरीपणाची दिशा आणि अंतर तंतोतंत सारखं.

दुसरं कारण यांत्रिक सरक, आणि याच ठिकाणी लोक सर्वाधिक फसतात. डाय सैल असेल तर ठोका बसल्यावर ती किंचित थरथरते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू खाली दाबून टाकते. परिणामी अक्षराला सपाट, चकचकीत पायरी येते. मूळ अक्षरातलाच धातू दबल्यामुळे वरचं अक्षर बारीक होतं. मोजून बघा: दुहेरी डाय अक्षर रुंद करते, यांत्रिक सरक ते अरुंद करते.

तिसरं, झिजलेली डाय. लाखो ठोके खाल्लेल्या डायच्या अक्षरांच्या कडा पसरतात. नाण्यावर काठाकडे जाणाऱ्या बारीक प्रवाहरेषा दिसतात, सपाट जागा संत्र्याच्या सालीसारखी होते आणि अक्षराभोवती धूसर सावली पडते. एक स्पष्ट आणि दुसरं स्पष्ट अशी दोन अक्षरं मात्र तिथे नसतात.

चौथं, दोनदा ठोकलेलं नाणं. पहिल्या ठोक्यानंतर नाणं बाहेर न पडता पुन्हा मार खातं. इथे दुहेरीपणा सहसा एखाद्या अक्षरापुरता राहत नाही, सगळ्या नक्षीला आणि बहुधा दोन्ही बाजूंना येतो. दुसरा ठोका पहिल्या छापाला चपटा करतो, त्यामुळे खालची प्रतिमा दबलेली आणि वरची ताजी. क्रम इथे उघड वाचता येतो.

पाचवं, हाताने पुन्हा मारलेला अंक. जुन्या काळी साल आणि टांकसाळीचं चिन्ह डायवर वेगळ्या पंचाने हातोडीने मारत. पहिला घाव तिरका बसला की दुरुस्त करून दुसरा मारत. म्हणून दुहेरीपणा फक्त त्या अंकाला किंवा चिन्हाला असतो, शेजारची नक्षी अगदी सरळ.

एका सालावर दुसरं साल दिसतं. त्याचं कारण काय?

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोषामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. १८व्या-१९व्या शतकात जुनी डाय फेकून देणं परवडत नसे, तेव्हा मुद्दाम जुन्या अंकावर नवा अंक मारत. ती काटकसर होती, चूक नव्हती. अमेरिकेच्या १९४२ सालच्या दहा सेंटच्या नाण्यावर मात्र २च्या आड जो १ दिसतो तो असा आला नाही. एका डायवर १९४१चा हब आणि १९४२चा हब असे दोन्ही दाबले गेले. म्हणजे ती दुहेरी डायच आहे, फक्त दोन वेगळ्या सालांच्या हबची. कोणत्या काळात डाय कशी बनत होती हे माहीत असल्याशिवाय हा फरक सांगता येत नाही.

नाण्याचा काठ चंद्रकोरीसारखा कापलेला आहे. कुणी कापला?

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर अर्धवट चढतो, आणि चकती कोर गेल्यासारखी निघते. पट्टीच्या शेवटच्या टोकावर पंच पडला तर काप सरळ किंवा खडबडीत येतो.

खरा काप ओळखायच्या तीन जागा आहेत. पहिली: कापाच्या अगदी समोरचा काठ. कडा उंच करताना चकती दोन पृष्ठभागांमध्ये दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही, आणि तिथला काठ फिका किंवा नाहीसा होतो. जाणकार याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. दुसरी: कापाजवळची अक्षरं. ठोक्याच्या वेळी रिकामी जागा मिळाल्याने धातू तिकडे ओढला जातो, म्हणून अक्षरं कापाकडे फाकतात आणि पुसट होतात. कानस लावून नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षरं पूर्ण उठावाची असतात आणि मध्येच सुरीने छाटल्यासारखी संपतात. तिसरी: वजन. ते दोन्ही प्रकारांत कमी भरतं, त्यामुळे नुसत्या वजनावरून निकाल देऊ नका.

एक सावधगिरी हवी. ज्या काळात कडा उंच करण्याची पायरीच नव्हती, त्या काळच्या नाण्यावर ब्लेकस्ली परिणाम शोधून उपयोग नाही.

एका बाजूला नक्षी उलटी आणि खोल गेलेली आहे. हे ब्रॉकेज आहे का?

असू शकतं. पाडलेलं नाणं डायला चिकटून राहतं, आणि पुढच्या चकतीला डायऐवजी त्या नाण्याची पाठ लागते. मग पुढच्या नाण्याची एक बाजू बरोबर येते, आणि दुसऱ्या बाजूवर तीच नक्षी आरशातल्यासारखी, खोलगट. चिकटलेलं नाणं तसंच ठोके खात राहिलं तर ते पसरून डायवर टोपीसारखं चढतं आणि पुढची प्रत्येक प्रतिमा फुगलेली, अस्पष्ट होत जाते. म्हणून स्वच्छ ब्रॉकेज पहिल्या काही ठोक्यांतलं, वेडंवाकडं नंतरचं.

रोमन प्रजासत्ताकाच्या चांदीच्या दिनारांवर ही चूक बरीच आढळते, आणि बहुतेक वेळा दर्शनी बाजूचीच नक्षी खोल उमटलेली असते. कारण साधं आहे. दर्शनी बाजूची डाय खाली ऐरणीत बसवलेली असे. खाली अडकलेलं नाणं कामगाराला लगेच दिसे. वरच्या डायला चिकटलेलं दिसत नसे, आणि तो पुढची चकती ठेवून हातोडा मारत असे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाची नजर कुठे पोहोचत नव्हती हे आज नाण्यावरून कळतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता नकली ब्रॉकेज. दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून आवळली की एकाची अक्षरं दुसऱ्यावर उलटी, खोल उमटतात. माझ्याकडचं एक तांब्याचं नाणं मी बरीच वर्षं ब्रॉकेज म्हणून जपलं होतं. एकदा तिरप्या उजेडात त्या खोल अक्षरांच्या खाली त्या बाजूची स्वतःची मूळ नक्षी दबलेली दिसली, आणि उलगडा झाला. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला स्वतःची नक्षी कधी उमटलेलीच नसते.

नक्षी एका बाजूला सरकली आहे किंवा नाणं नेहमीपेक्षा मोठं आहे. वजन तर बरोबर आहे.

वजन बरोबर असणं हाच पुरावा. चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही की नक्षी एका अंगाला जाते आणि उरलेली चकती कोरी राहते. कॉलर वर आलीच नाही तर नक्षी मध्यभागी असते, पण धातू पसरून व्यास वाढतो आणि कडेवर दाते येत नाहीत. कॉलर अर्धवट वर आली तर कडेभोवती पायरी दिसते. हातोडीने ठोकून मोठं केलेलं नाणंही पसरट असतं, पण त्याची अक्षरं चेपलेली असतात.

एखादं अक्षर, चिन्ह किंवा नक्षीचा भाग गायब आहे. कसा गेला?

बहुतेक वेळा वंगण. यंत्रातलं तेल आणि धुळीचा लगदा डायच्या खोबणीत भरतो आणि तेवढा भाग उमटत नाही. अशा जागी कडा विरत जातात, पृष्ठभाग मऊसर दिसतो.

दुसरं कारण डाय घासणं. मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आपटल्या की एकीची नक्षी दुसरीवर उमटते, आणि मग नाण्यांवर समोरच्या बाजूच्या अंधुक, उलट्या रेषा येऊ लागतात. त्या काढण्यासाठी डाय घासतात. जास्त घासली तर डायच्या उथळ कोरणीतलं कामही जातं. अमेरिकेचं डेन्व्हर टांकसाळीचं १९३७चं पाच सेंटचं नाणं याचाच नमुना आहे. त्यावरच्या गव्याचा पुढचा एक पाय नाही, खूर मात्र आहे. खऱ्या नाण्यावर गव्याच्या पोटापासून जमिनीकडे बारीक उठलेल्या ठिपक्यांची ओळ दिसते, आणि उठलेलं म्हणजे डायमधलं. नंतर कुणी पाय खरडून काढला तर तिथे खोलगट, घासलेली जागा मिळते आणि ठिपके मिळत नाहीत.

कधी इतिहासच निकाल देतो. १९२२ साली अमेरिकेत एक सेंटची नाणी एकट्या डेन्व्हरला पाडली गेली. त्या सालच्या सेंटवर डेन्व्हरचं चिन्ह दिसत नसेल, तर दुसऱ्या टांकसाळीचा प्रश्नच उरत नाही. चिन्ह डायमध्ये भरलं किंवा घासलं गेलं, नाहीतर नंतर कुणीतरी खरडलं.

हाताने ठोकलेल्या जुन्या नाण्यांना हेच नियम लावायचे का?

नाही, आणि हे कळकळीने सांगावंसं वाटतं. हातोड्याने पाडलेल्या नाण्याला कॉलर नसते. पुष्कळ मुघल रुपयांच्या डाय चकतीपेक्षा मोठ्या होत्या, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेर जाणं हे तिथे नेहमीचंच. नक्षी सरकलेली असणं, कडा वेड्यावाकड्या असणं, दोन बाजूंच्या दिशा न जुळणं, थोडा दुहेरीपणा असणं, हे सगळं त्या तंत्रात साहजिक आहे. कडेवर किंवा पृष्ठभागावर छोट्या खुणा असतील तर त्या सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या असू शकतात.

नक्षीखाली दुसरी नक्षी दिसली तर आणखी एक शक्यता उघडते: मुद्दाम केलेला पुनर्ठसा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाच्या १३,०००हून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. रोमन सत्तेविरुद्धच्या बार कोखबाच्या उठावातल्या ज्यूंनी इ. स. १३२ ते १३५ या काळात रोमन नाण्यांवर असंच केलं. या नाण्यांवरचा दुहेरीपणा ही सत्ता बदलल्याची खूण आहे. त्याला दोष म्हणणं म्हणजे नाण्यावर अन्याय करणं.

नाण्याचा रंग वेगळा आहे. चुकीच्या धातूवर छापलं गेलं असेल का?

रंगावर विश्वास ठेवू नका, तो मुलाम्याने किंवा उष्णतेने सहज बदलतो. वजन करा आणि चुंबक लावा. १९४३ साली युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून अमेरिकेने सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादावर पाडला, वजन २.७० ग्रॅम. काही मोजकी नाणी उरलेल्या कांस्य चकत्यांवर पडली, त्यांचं वजन ३.११ ग्रॅम. तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी सेंट चुंबकाला चिकटतो, आणि तिथेच तपास संपतो. चिकटला नाही तरी घाई नको. १९४८च्या सेंटमधला ८ खरडून त्याचा ३ केलेली नाणीही असतात.

धातूबद्दल शंका राहिलीच तर विशिष्ट गुरुत्व काढा: हवेतलं वजन भागिले पाण्यात वजनात झालेली घट. शुद्ध चांदीचं १०.४९ येतं, तांब्याचं ८.९६.

पृष्ठभागाचा पापुद्रा सुटतोय.

चकतीच्या मिश्रधातूत मळ किंवा वायू अडकून थर नीट जुळले नाहीत. अमेरिकेच्या १९४२-४५मधल्या चांदी-तांबं-मँगनीजच्या पाच सेंटवर हे पुष्कळ दिसतं. पापुद्रा गेलेल्या जागेवरही नक्षीचा अंश असेल तर तो ठोक्याआधी गेला. नक्षी नसेल आणि नुसत्या रेघोट्या असतील तर नंतर.

दोन्ही बाजूंना एकच चित्र आहे.

जवळजवळ नेहमीच जादूच्या खेळासाठी बनवलेलं नाणं. एक नाणं आतून पोकळ करून त्यात दुसरं बारीक करून बसवतात. एका बाजूच्या काठाच्या आतल्या अंगाला भिंगाने सांधा शोधा. दोन वेगळ्या प्रकारच्या डायची चुकीची जोडी मात्र खरोखर होते. २००८ साली ब्रिटनच्या २० पेन्सच्या नव्या मागील बाजूसोबत जुनी दर्शनी डाय लागली. साल नव्या रचनेत दर्शनी बाजूला गेलं होतं आणि जुन्या रचनेत ते मागील बाजूला होतं, म्हणून त्या नाण्यांवर सालच आलं नाही.

टांकसाळीबाहेरची इजा कशी ओळखू?

टांकसाळीच्या यंत्रात हे कोणत्या पायरीवर घडू शकेल, असा प्रश्न विचारा. पायरी सापडली नाही तर ती बाहेरची इजा समजा. आम्लात टाकलेलं नाणं पातळ आणि हलकं होतं, आणि सगळी नक्षी सारखीच विरघळल्यासारखी दिसते. कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून फिरत राहिलेल्या नाण्याचा काठ आत वळतो. दागिन्यात बसवलेल्या नाण्याच्या कडेवर डाक दिल्याची खूण राहते. ज्या भागावर झीज किंवा रंगाची जुनी साय चढली आहे त्याच्या तुलनेत खूण ताजी चमकत असेल, तर ती सायीनंतरची.

तपासायला कोणती साधनं लागतात? नाणं आधी स्वच्छ करू का?

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, व्हर्नियर, लहान चुंबक आणि तिरपा प्रकाश देणारा दिवा. स्वच्छ मुळीच करू नका. घासलं की प्रवाहरेषा, साय आणि ओरखड्यांचे वरंबे जातात, म्हणजे क्रम सांगणारा पुरावाच जातो.

स्वतःला उत्तर सापडलं नाही तर जाणकाराला काय दाखवू?

दोन्ही बाजूंची पूर्ण छायाचित्रं, कडेचं वेगळं छायाचित्र, आणि दोषाची जागा दोन निरनिराळ्या दिशांनी आलेल्या प्रकाशात. सोबत वजन, व्यास आणि चुंबकाचा निकाल. त्याच सालच्या दुसऱ्या एखाद्या नाण्यावर हाच दोष याच जागी पाहिला असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण तसं असेल तर संशय चकतीवरून आणि ठोक्यावरून उठून थेट डायवर जातो. आणि तुमचा अंदाज मात्र आधी सांगू नका. जाणकाराला नाणं कोऱ्या नजरेने पाहू द्या.